धूमकेतूत काय आहे, हे रेडिओ दुर्बिणीला कसे कळते?

३आय/ॲटलस हा सूर्यमालेबाहेरचा धूमकेतू २०२५ मध्ये येऊन गेल्यापासून या सदराकडे धूमकेतूंविषयी बरीच पत्रे आली. मराठवाड्यातून आलेल्या पत्रांचा रोख एकाच दिशेने होता: इतक्या दूरच्या वायूत काय आहे हे रेडिओ लहरींवरून कसे कळते, आणि आपल्याकडून त्यातले काय करता येईल? निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे पुढे दिली आहेत.

प्रश्न (अंबाजोगाई, बी.एस्सी.ची विद्यार्थिनी): धूमकेतू कोट्यवधी किलोमीटर दूर असतो. मग 'याच्यात मिथेनॉल आहे' असे छातीठोकपणे कसे सांगतात? दुसऱ्याच कशाची तरी रेषा असेल तर?

उत्तर: केंद्रकातला, म्हणजे धूमकेतूच्या मधल्या घन गोळ्यातला, बर्फ उन्हाने तापून थेट वायू होतो आणि त्याचे रेणू सेकंदाला साधारण अर्धा ते एक किलोमीटर वेगाने चहूकडे पसरतात. या विरळ वायूचे तापमान बहुधा २० ते १०० केल्व्हिनच्या (शून्याखाली सुमारे २५३ ते १७३ अंश सेल्सिअसच्या) दरम्यान असते. एवढ्या थंडीतही रेणू स्वतःभोवती फिरत राहतो. मात्र हव्या त्या गतीने त्याला फिरता येत नाही, गतीच्या पायऱ्या ठरलेल्या असतात. वरच्या पायरीवरून खाली उतरताना तो एका ठरावीक वारंवारितेची लहर सोडतो. वर्णपटात त्या वारंवारितेला जी खूण उमटते, तीच रेषा. हायड्रोजन सायनाइडची पहिली रेषा ८८.६३२ गिगाहर्ट्झला, कार्बन मोनॉक्साइडच्या रेषा ११५.२७१ आणि २३०.५३८ ला, हायड्रोजन सल्फाइडची १६८.७६३ ला. हे आकडे प्रयोगशाळेत याहून कितीतरी बारकाईने मोजलेले आहेत.

तुमची शंका रास्त आहे. एखादी रेषा योगायोगाने जुळू शकते, म्हणून एका रेषेवर सहसा कोणी दावा करत नाही. मिथेनॉलच्या १५७ गिगाहर्ट्झच्या आसपास अनेक रेषा दाटीवाटीने येतात. त्या सगळ्या आपापल्या जागी आणि अपेक्षित उंचीच्या प्रमाणात दिसल्या, तर शंकेला जागा उरत नाही. अणू तेच पण जोडणी वेगळी, हेही या पद्धतीने ओळखता येते. हायड्रोजन सायनाइड आणि हायड्रोजन आयसोसायनाइड यांचे वजन सारखेच असल्याने वजनावरून रेणू ओळखणाऱ्या यंत्राला ते वेगळे करणे अवघड जाते. रेडिओ दुर्बिणीला मात्र एक ८८.६३२ ला दिसतो, दुसरा ९०.६६४ ला. हा दुसरा १९९६ मध्ये ह्याकुताके धूमकेतूत सापडला.

या पद्धतीला एक मोठी मर्यादा आहे, आणि लोकप्रिय लेखांत ती सहसा येत नाही. रेणूतला विद्युतभार एका बाजूला थोडा तरी झुकलेला असावा लागतो. कार्बन डायऑक्साइड, मिथेन, ॲसिटिलीन, नायट्रोजन हे सममित रेणू आहेत. ते फिरले तरी रेडिओ लहर सोडत नाहीत. कार्बन डायऑक्साइड तर धूमकेतूतल्या मुख्य घटकांपैकी एक आहे, त्यासाठी अवकाशातल्या अवरक्त दुर्बिणीच लागतात. म्हणून 'रेडिओने काढलेली रासायनिक यादी' कधीच पूर्ण यादी नसते.

प्रश्न (नांदेड, माध्यमिक शिक्षक): आमची लेकरं विचारायलीत की धूमकेतूत सगळ्यात जास्त पाणीच आहे, तर मग ते पाणी किती हे कसं मोजतात? आपल्याच हवेत एवढी वाफ आहे!

उत्तर: लेकरांनी नेमकी अडचण पकडली आहे. पाण्याची चांगली ठळक रेषा ५५६.९३६ गिगाहर्ट्झला आहे, पण आपल्या हवेतली वाफ तीच लहर गिळते. ती रेषा पाहायला स्वास, ओडिन आणि हर्शेल या अवकाश दुर्बिणी वापरल्या गेल्या. जमिनीवरून मात्र वळसा घ्यावा लागतो.

सूर्यापासून पृथ्वीइतक्या अंतरावर पाण्याचा रेणू उन्हात साधारण एक दिवस टिकतो. मग अतिनील किरणांनी त्याचे हायड्रोजन आणि हायड्रॉक्सिल असे दोन तुकडे होतात. हायड्रॉक्सिल आणखी सुमारे ३० तास टिकते, आणि तोवर केंद्रकापासून लाखभर किलोमीटर किंवा त्याहूनही दूर गेलेले असते. या हायड्रॉक्सिलच्या १८ सेंटिमीटर तरंगलांबीजवळ चार रेषा आहेत: १६१२, १६६५, १६६७ आणि १७२० मेगाहर्ट्झ. त्यांत १६६७ सर्वांत जोरकस, तिच्या खालोखाल १६६५. फ्रान्समधल्या नांसे येथील दुर्बिणीने १९७३ मध्ये कोहूटेक धूमकेतूत या रेषा पकडल्या, आणि रेडिओने धूमकेतूंचे रसायन तपासण्याचे काम तिथून खऱ्या अर्थाने सुरू झाले.

आता खरी गंमत सुरू होते. कोहूटेकमध्ये ही रेषा आधी शोषणात दिसली, म्हणजे मागच्या आकाशाच्या तेजात खड्डा पडलेला. पुढे तीच उत्सर्जनात, म्हणजे उंचवटा होऊन आली. पाणी तर दोन्ही वेळा निघत होते. कारण असे की हायड्रॉक्सिलच्या सर्वांत खालच्या ऊर्जापातळीचे अगदी जवळजवळचे उपस्तर असतात, आणि कोणत्या उपस्तरावर किती रेणू राहतील हे सूर्याच्या अतिनील प्रकाशावर ठरते. सूर्याचा वर्णपट ३०८ नॅनोमीटरच्या आसपास सलग नाही, त्यात असंख्य काळ्या रेषा आहेत. धूमकेतू सूर्याकडे येत असेल किंवा दूर जात असेल, तर डॉप्लर परिणामाने, म्हणजे गतीमुळे लहरीची वारंवारिता बदलल्याने, त्याला हा वर्णपट थोडा सरकलेला भेटतो. काही वेगांना वरचे उपस्तर जास्त भरतात आणि हायड्रॉक्सिल मागच्या आकाशाची लहर वाढवून पुढे पाठवते. काही वेगांना खालचे जास्त भरतात आणि ती लहर शोषली जाते. या दोहोंच्या मध्ये असे काही वेग आहेत की धूमकेतू बदाबदा पाणी सोडत असला तरी रेषा दिसतच नाही!

म्हणून मोजमापाचा पहिला नियम: निरीक्षणाच्या दिवशी धूमकेतूचा सूर्यसापेक्ष वेग किती, हे आधी काढायचे. रेषा नाहीशी होण्याच्या वेगाजवळचे दिवस सोडून द्यायचे. त्या भागात वेगवेगळी सैद्धांतिक गणिते एकमेकांशी जुळत नाहीत, आणि तिथून काढलेला पाण्याचा आकडा कितीही नेटका दिसला तरी त्यावर विसंबू नये.

नंतर दोन दुरुस्त्या येतात. केंद्रकाच्या जवळ वायू दाट असतो, तिथे रेणू एकमेकांवर आदळून उपस्तरांची ही विषम भरणी पुसून टाकतात आणि तो भाग रेडिओत मुका होतो. मोठ्या धूमकेतूत हा मुका प्रदेश लाखो किलोमीटरचा असू शकतो, त्याचा हिशेब धरला नाही तर पाणी कमी भरते. दुसरे म्हणजे मागचे आकाश. साधारण आकाश ३ केल्व्हिनच्या आसपास असते, पण धूमकेतू आकाशगंगेच्या पट्ट्यासमोर आला की पार्श्वभूमी तेजस्वी होते आणि रेषाही तितकी वाढते. ती वाढ पाण्याच्या खात्यात टाकली की चूक झालीच.

अंतिम आकडा 'सेकंदाला किती रेणू' असा येतो. एकावर २९ शून्ये इतके पाण्याचे रेणू म्हणजे सुमारे ३ टन. उन्हाळ्यात आपल्या गावांत फिरणारा १२,००० लिटरचा टँकर या धारेने ४ सेकंदांत भरेल. १९९७ मध्ये हेल-बॉप धूमकेतू सूर्याजवळ असताना त्याची धार याच्या जवळपास शंभरपट होती.

प्रश्न (लातूर, आकाशनिरीक्षण मंडळ): मोठ्या दुर्बिणीवर धूमकेतूचे प्रत्यक्ष निरीक्षण कसे होते, ते टप्प्याटप्प्याने सांगाल का? कुठे चुकते तेही.

उत्तर: स्पेनमधल्या पिको वेलेता डोंगरावर २,८५० मीटर उंचीवर असलेली ३० मीटरची दुर्बीण या कामात फार वापरली गेली आहे. तिचेच उदाहरण घेऊ, आणि रेषा घेऊ हायड्रोजन सायनाइडची.

आधी धूमकेतूच्या कक्षेचे ताजे आकडे घेतात. 'ताजे' हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. वायूचे फवारे केंद्रकाला ढकलत असतात, त्यामुळे निव्वळ गुरुत्वाकर्षणाने काढलेली जागा काही आठवड्यांत काही विकलांनी (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) चुकते. ८९ गिगाहर्ट्झला या दुर्बिणीची नजर सुमारे २८ विकला रुंद असते, २३० ला जेमतेम ११. धूमकेतू पृथ्वीपासून १ खगोलीय एकक, म्हणजे सूर्य-पृथ्वी अंतराइतका, दूर असेल तर १ विकला म्हणजे तिथले सुमारे ७२५ किलोमीटर. अकराच्या नजरेत जागा पाच विकलांनी चुकली, तर संकेताचा मोठा हिस्सा निसटतो आणि आपण समजतो की धूमकेतूच मंदावला. म्हणून एकाच बिंदूवर न थांबता मधोमध आणि चार बाजूंना असे पाच बिंदू मोजतात आणि खरा मध्य शोधतात.

मग पाठलाग. धूमकेतू ताऱ्यांच्या गतीने सरकत नाही. दिवसाला २ अंश सरकणारा धूमकेतू मिनिटाला ५ विकला पुढे जातो. दुर्बिणीने तेवढे सरकायचे, आणि ग्राहकयंत्रानेही धूमकेतूच्या बदलत्या वेगाप्रमाणे वारंवारिता सुधारत राहायची. ८८.६ गिगाहर्ट्झला सेकंदाला १ किलोमीटरचा फरक म्हणजे २९६ किलोहर्ट्झ, आणि धूमकेतूची रेषाच मुळात दोनेक किलोमीटर रुंद. ही सुधारणा केली नाही तर तासाभराच्या नोंदी एकमेकींवर नीट बसत नाहीत आणि रेषा फासल्यासारखी दिसते.

संकेत इतका क्षीण असतो की आपल्याच हवेचा आणि यंत्राचा गोंगाट त्याच्या हजारोपट भरतो. तो वजा करायला दुय्यम आरसा दर सेकंद-दोन सेकंदांनी हलवून एकदा धूमकेतूकडे, एकदा शेजारच्या रिकाम्या आकाशाकडे पाहतात. शेजारचे आकाश खरेच रिकामे आहे ना, हे आधी तपासावे लागते. तिथे आकाशगंगेतला वायूचा ढग असेल तर वजाबाकीत खोटा खड्डा पडतो, कार्बन मोनॉक्साइडच्या बाबतीत तर हमखास. मोजपट्टी लावायला अधूनमधून ग्राहकयंत्रासमोर खोलीच्या तापमानाचा आणि द्रव नायट्रोजनच्या तापमानाचा शोषक आणतात.

हायड्रोजन सायनाइडची पहिली रेषा एकटी नसते, तिचे तीन भाग असतात आणि त्यांच्या उंचीचे प्रमाण ३:५:१ असावे लागते. हे प्रमाण आले की मोजणी ठीक आणि वायू पारदर्शक आहे असे समजावे. प्रमाण बिघडले तर आधी यंत्र तपासावे, मग वायू फार दाट आहे का ते पाहावे. रेषेचा आकारही बोलतो. आपल्याकडे येणाऱ्या बाजूला ती उंच असेल, तर सूर्याकडच्या अंगाने वायू जास्त सुटतो आहे असा सहसा अर्थ निघतो.

रेषेवरून रेणूंची संख्या काढायला तापमान लागते. तेच मिथेनॉलच्या अनेक रेषांच्या उंचीवरून काढतात. ते ६० ऐवजी ३० केल्व्हिन धरले, तर हायड्रोजन सायनाइडचे प्रमाण जवळपास निम्म्यावर येते. म्हणजे रेषा अगदी अचूक मोजली आणि तापमान अंदाजाने घातले, तर सगळ्या कष्टांवर पाणी. शेवटी पाण्याशी तुलना: हायड्रोजन सायनाइड साधारण दर हजारी एक, मिथेनॉल शेकडा अर्ध्यापासून सहापर्यंत, कार्बन मोनॉक्साइड शेकडा एकाहून कमी ते वीसच्याही पुढे. पाण्याची मोजणी दुसऱ्या दुर्बिणीने, वेगळ्या रुंदीच्या नजरेने आणि कित्येकदा दुसऱ्या दिवशी झालेली असते. मधल्या काळात धूमकेतूचा उद्रेक झाला तर ही टक्केवारी फसवी ठरते. शोधनिबंधात दोन्ही निरीक्षणांच्या तारखा शेजारी ठेवून पाहण्याची सवय मंडळातल्या मुलांना जरूर लावा.

प्रश्न (जालना, निवृत्त अभियंता): नारायणगावजवळच्या खोडदला जगातली मोठी रेडिओ दुर्बीण असताना भारतातून हे काम का होत नाही?

उत्तर: खोडदच्या जीएमआरटी या दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत, आणि मीटरभर लांबीच्या लहरींसाठी ती उत्तम आहे. पण तिचा सर्वांत वरचा पट्टा १४५० मेगाहर्ट्झच्या आसपास संपतो. हायड्रॉक्सिलच्या रेषा १६६५ आणि १६६७ ला आहेत, त्या तिच्या कक्षेबाहेर राहतात. हायड्रोजन सायनाइडचा तर प्रश्नच येत नाही. तबकडीचा पृष्ठभाग लहरीच्या सोळाव्या भागाइतका तरी नितळ असावा लागतो. ३.४ मिलिमीटर लहरीसाठी हा आकडा ०.२ मिलिमीटर येतो, आणि जीएमआरटीच्या तबकड्या तारेच्या जाळीच्या आहेत. तो काही दोष नाही, ज्या कामासाठी बांधली त्यासाठी जाळीच योग्य: वजन कमी, वाऱ्याचा दाब कमी, खर्च कमी.

शिवाय हवा. मिलिमीटर लहरींसाठी कोरडी, उंच जागा लागते. चिलीतली अल्मा ही अनेक तबकड्यांची दुर्बीण ५,००० मीटरवर आहे. आपल्याकडे पावसाळ्यात डोक्यावरची सगळी वाफ गोळा केली तर तिचे पाणी ५० मिलिमीटरच्या घरात भरते, अल्माच्या जागी चांगल्या रात्री ते १ मिलिमीटरही नसते. त्या अल्मानेच लेमन आणि आयसॉन या धूमकेतूंचे २०१३ मध्ये नकाशे काढून दाखवले की हायड्रोजन सायनाइड थेट केंद्रकातून निघते, तर फॉर्माल्डिहाइड आणि हायड्रोजन आयसोसायनाइड बाहेरच्या वायू-धुळीत तयार होतात. एकट्या तबकडीला हा भेद इतक्या स्पष्टपणे दिसला नसता.

प्रश्न (उदगीर): ३आय/ॲटलसकडून 'रेडिओ सिग्नल' आला अशी बातमी मोबाईलवर फिरत होती. खरे काय?

उत्तर: बातमीतले 'रेडिओ' खरे, 'आला' चुकीचे. दक्षिण आफ्रिकेतल्या मीरकॅट दुर्बिणीने २४ ऑक्टोबर २०२५ रोजी या धूमकेतूत १६६५ आणि १६६७ मेगाहर्ट्झच्या रेषा शोषणात पाहिल्या. म्हणजे धूमकेतूने काही पाठवले नाही, उलट मागून येणारी लहर त्याच्याभोवतीच्या हायड्रॉक्सिलने थोडी गिळली. नांदेडच्या शिक्षकांना दिलेल्या उत्तरातला खड्डा तो हाच. धूमकेतू सूर्याच्या सर्वांत जवळ येण्याच्या काही दिवस आधीची ही नोंद आहे. पाण्याचा बर्फ वायू होत असताना असेच दिसायला हवे.

परक्या ताऱ्याकडून आलेल्या वस्तूतही पाणी आहे आणि ते आपल्या ओळखीच्या पद्धतीने मोजता येते, ही बातमी खरे तर पुरेशी मोठी होती. याआधी २०१९ मध्ये आलेल्या बोरिसोव्ह धूमकेतूत अल्माला कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड सापडले होते. पाण्याच्या तुलनेत त्यात कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण आपल्याकडच्या बहुतेक धूमकेतूंहून पुष्कळ जास्त निघाले.

प्रश्न (परभणी): पृथ्वीवरचे पाणी धूमकेतूंनी आणले, हे सिद्ध झाले का? आणि त्यांच्यात सजीवांचे घटक सापडले, ते रेडिओनेच का?

उत्तर: सिद्ध झालेले नाही. कसोटी जड हायड्रोजनची, म्हणजे ड्युटेरियमची. महासागरात दर १०,००० हायड्रोजन अणूंमागे ते सुमारे १.५६ असते. हॅलेच्या धूमकेतूत जवळपास दुप्पट निघाले. हर्शेल दुर्बिणीच्या नोंदींवरून २०११ मध्ये हार्टली-२ धूमकेतूचा आकडा १.६१ जाहीर झाला आणि आशा वाढली. मग रोझेटा यानाने ६७पी धूमकेतूत ५.३ मोजले. २०२४ मध्ये त्याच नोंदी पुन्हा तपासल्या गेल्या, तेव्हा धुळीच्या कणांजवळच्या वायूमुळे तो आकडा फुगला असावा आणि मूळ प्रमाण त्याच्या निम्म्याजवळ असावे असे मांडले गेले. धूमकेतूंमध्येच एवढी तफावत असताना एकट्याच्या आकड्यावर महासागराचा उगम ठरवणे घाईचे होईल.

सेंद्रिय रेणूंत रेडिओची कामगिरी मोठी आहे. हेल-बॉपमध्ये फॉर्मिक आम्ल, फॉर्मामाइड, ॲसिटाल्डिहाइड, मिथिल फॉर्मेट आणि नंतर इथिलीन ग्लायकॉल सापडले. जानेवारी २०१५ मध्ये लव्हजॉय धूमकेतूत इथेनॉल आणि ग्लायकोलाल्डिहाइड हा साखरेच्या जातीचा सर्वांत साधा रेणू सापडला. ग्लायसीन हे अमिनो आम्ल मात्र रेडिओने सापडलेले नाही, ते ६७पी मध्ये यानावरच्या वजनमापक यंत्राने पकडले. रेणू जितका मोठा तितक्या त्याच्या फिरण्याच्या पायऱ्या जास्त, आणि तेवढीच ऊर्जा शेकडो रेषांत विखुरते. एकेक रेषा मग गोंगाटात बुडते. ग्लायसीन तर केंद्रकातून अत्यल्प निघते.

प्रश्न (हिंगोली): औंढ्याजवळ होणाऱ्या लायगोतून धूमकेतू दिसतील का?

उत्तर: नाही. लायगो ही दुर्बीण नाही. दूरच्या कृष्णविवरांच्या आणि न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून उठणाऱ्या गुरुत्वीय लहरी ती मोजते. धूमकेतूचे वस्तुमान त्यासाठी फारच किरकोळ आहे.

प्रश्न (नांदेड, अभियांत्रिकीचे विद्यार्थी): गच्चीवर ६ फुटी जुनी डिश पडून आहे. तिच्यावर धूमकेतूचे हायड्रॉक्सिल पकडता येईल का? किती खर्च-वेळ लागेल?

उत्तर: आधी गणित करा, मग पैसे घाला. चांगल्या धूमकेतूची १६६७ ची रेषा साधारण ०.०५ यान्स्की (रेडिओ संकेताच्या जोराचे एकक) असते. १.८ मीटर डिशचे उपयोगी क्षेत्रफळ सुमारे १.३ चौरस मीटर, त्यामुळे एवढा संकेत तिच्यात केल्व्हिनचा चाळीस हजारावा भाग इतके तापमान वाढवेल. घरगुती यंत्रणेचा स्वतःचा गोंगाट १५० केल्व्हिन धरा, रेषेची रुंदी १० किलोहर्ट्झ. गोंगाटाच्या पाचपट स्पष्ट रेषा हवी असेल तर सलग तीन हजारांहून जास्त वर्षे मोजावे लागेल. एखादा असामान्य धूमकेतू १ यान्स्कीचा निघाला तरी आठ वर्षे. म्हणजे नाही.

पण धूमकेतूसाठी जी जी कौशल्ये लागतात ती सगळी याच डिशवर १४२०.४ मेगाहर्ट्झच्या हायड्रोजन रेषेवर शिकता येतात. आकाशगंगेत ती दहा-वीस हजारपट नव्हे, लाखोपट जोरकस आहे, काही मिनिटांत दिसते. हेच करा.

डिशची खोली मोजा. व्यासाचा वर्ग भागिले खोलीची १६ पट, एवढ्यावर केंद्र येते. व्यास १८० सेंटिमीटर आणि खोली २८ असेल तर केंद्र ७२ सेंटिमीटरवर. तिथे एका टोकाला बंद असलेला गोल पत्र्याचा डबा बसवायचा, तोंड डिशकडे. व्यास १५ ते १६ सेंटिमीटर, लांबी २५ हून कमी नको. बंद टोकापासून तांब्याच्या तारेची ५ सेंटिमीटरची काडी आत उभी करायची: डबा १६ चा असेल तर ८.३ सेंटिमीटरवर, १५ चा असेल तर ९.३ वर. एका सेंटिमीटरने डबा अरुंद झाला तर काडीची जागाही तेवढीच सरकते, हे बरेचजण विसरतात आणि संकेत निम्म्याने घटतो. गोडेतेलाचा १५ किलोचा चौकोनी डबा सहज मिळतो म्हणून वापरू नका. तो सुमारे २३ सेंटिमीटर रुंद असतो, त्यात ही लहर एकाहून जास्त प्रकारांनी चालते आणि डिशवर पडणारा झोत वेडावाकडा होतो.

१४२० साठीचा, गाळणीसह येणारा कमी गोंगाटाचा ॲम्प्लिफायर काडीच्या कनेक्टरलाच लावा, केबलच्या दुसऱ्या टोकाला नव्हे. आरजी-५८ ची ५ मीटर केबल या वारंवारितेला जवळपास निम्मा संकेत खाते, आणि एकदा गेलेला संकेत नंतर कितीही वाढवला तरी परत येत नाही. पुढे आरटीएल-एसडीआर डोंगल, म्हणजे लॅपटॉपला जोडायचे छोटे ग्राहकयंत्र, आणि लॅपटॉप. डोंगलच्या मध्य वारंवारितेवर एक खोटा सुळका येतो, म्हणून मध्य १४२०.० वर ठेवा, रेषा बाजूला पडेल.

यंत्रणा ठीक आहे का हे पाहायला डिश आधी मोकळ्या आकाशाकडे आणि मग जमिनीकडे वळवा. जमीन ३०० केल्व्हिन, आकाश १० च्या आसपास धरा. दोन्ही शक्तींचे गुणोत्तर २.८ आले तर तुमचा गोंगाट साधारण १५० केल्व्हिन आहे. गुणोत्तर १.५ च्या खाली असेल तर कनेक्टर, काडीचा टाका आणि ॲम्प्लिफायरचा वीजपुरवठा या क्रमाने तपासा. त्याशिवाय निरीक्षण सुरू करण्यात अर्थ नाही.

सप्टेंबर-ऑक्टोबरच्या संध्याकाळी हंस तारकासमूह आपल्याकडून उत्तरेला सुमारे ७० अंश उंचीवर मध्यमंडल (डोक्यावरून जाणारी दक्षिणोत्तर रेषा) ओलांडतो. डिश तिथे रोखून ठेवा, आकाश आपोआप सरकेल. नजर सुमारे ८ अंश रुंद असल्याने बारीक पाठलाग लागत नाही. ५ मिनिटे आकाशगंगेकडे, ५ मिनिटे तिच्यापासून दूर पण तितक्याच उंचीवर, आणि पहिल्या नोंदीला दुसरीने भागा. दोन नोंदींत तासाचे अंतर पडू देऊ नका. तापलेल्या गच्चीवर ॲम्प्लिफायरची वाढ तापमानाबरोबर सरकते आणि भागाकारात लांबलचक उतार दिसतो, मुले त्यालाच रेषा समजतात. ॲम्प्लिफायरला सावली करा. डब्याचे तोंड थर्माकोलने बंद करा: ही लहर त्यातून सहज जाते, पाणी आणि गांधीलमाश्या जात नाहीत.

अरुंद, सुईसारखे सुळके दिसले तर ते बहुतेक घरातलेच. एलईडी दिवे, सोलरचा इन्व्हर्टर, सेट-टॉप बॉक्स आणि लॅपटॉपचा चार्जर एकेक बंद करून पाहा. लॅपटॉप बॅटरीवर चालवा. डिश दुसरीकडे वळवल्यावरही सुळका जागचा हलत किंवा घटत नसेल, तर तो आकाशातला नाही.

रेषा मिळाली की वेग काढा: इथे ४.७४ किलोहर्ट्झ म्हणजे सेकंदाला १ किलोमीटर. स्वस्त डोंगलचा वारंवारिता ठरवणारा स्फटिक दशलक्षात ५० भागांनी चुकत असेल, तर एकट्या त्यानेच १५ किलोमीटरची चूक येते, म्हणून दशलक्षात १ भाग अचूकतेचा घ्या. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटरने फिरते, त्यामुळे तीच रेषा वर्षभरात पुढेमागे सरकत राहते. प्रत्येक नोंदीवर तारीख, वेळ आणि डिशची दिशा लिहा आणि ही गती वजा करा. धूमकेतूचा सूर्यसापेक्ष वेगही याच वजाबाकीने हाताळतात. तुमच्या वर्षभराच्या नोंदी दुरुस्तीनंतर एकाच जागी येऊन बसल्या, तर त्या आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकांत त्यांवरून आकाशगंगेच्या फिरण्याचा वेग कसा काढायचा ते सविस्तर देऊ.